सतरा नंबरचं दूध

मेलेली गाय दूध देत नाही. एवढं कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. पण आमच्या मुख्य कार्यालयात सतरा नंबरची गाय मरून चार वर्षं झाली, तरी रोज अकरा लिटर दूध देत होती. वर दरवर्षी थोडं थोडं वाढवूनच देत होती!

मला सगळे लिटरबाई म्हणतात. एकोणीस वर्षं मी सरकारसाठी दूध मोजते. माझ्या भागात ठरवून दिलेल्या चाळीस गायी आहेत, प्रत्येकीच्या कानात नंबराचा बिल्ला. महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ त्यांची धार काढताना मी समोर उभी राहते, बादली ताणकाट्याला अडकवते आणि आकडा फॉर्मवर लिहिते. माझ्यासारख्या शेकडो जणींचे फॉर्म एकत्र होतात आणि देशात किती दूध झालं ते ठरतं. साहेबांच्या खोलीत त्याचा तक्ता टांगलाय. सव्वीस वर्षांची रेघ, एकदाही मान खाली न घातलेली.

यंदा चाराच नव्हता. आमच्या धाकट्या वहिनीच्या गोठ्यात तीन गायी. त्यातल्या दोन आटल्या, तिसरी कशीबशी तीन लिटरवर आलेली. तिघींच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात. सरकारचा चारा डेपो उघडतो, पण भागातलं दूध पाचव्या हिश्श्याने घटलं तरच. वहिनीने अर्ज केला. उत्तर आलं, "आपल्या भागातील दूध उत्पादनात एक टक्का वाढ झाली आहे."

वहिनीने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "वन्सं, ही वाढ कुठल्या गोठ्यात झालीय तेवढं सांगा. मी भांडं घेऊन जाते."

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तडक कार्यालय गाठलं. तिथे फॉर्म संगणकात भरणारी एक मुलगी आहे, पोर गुणाची. तिने पडदा माझ्याकडे वळवला आणि मला सतरा नंबर दिसला.

"अगं, ही मेली! काळी. आमच्या वहिनीचीच होती."

"पण काकू, तुम्ही रेघ मारलीय."

"मग? मेली म्हणून मारली."

ती हळूच म्हणाली, "रेघ म्हणजे मोजणारी बाई पोचली नाही. तिथे आम्ही गेल्या वर्षीचा आकडा तीन टक्के वाढवून भरतो. मेलेली असो, आटलेली असो, शून्य लिहायचं असतं."

काळी गेली त्या दिवशी फॉर्म घेऊन मी गोठ्यात उभी होते आणि वहिनी शेजारी पदराने डोळे पुसत होती. तिच्यासमोर काळीच्या नावापुढे शून्य काढायला माझा हात होईना. म्हणून रेघ ओढली. तीच सवय लागली. गाय आटली, मालकिणीचं तोंड उतरलं, की माझी आपली रेघ. यंदा चाळीसपैकी सव्वीस रेघा होत्या. उरलेल्या चौदांतली वहिनीची तिसरी सोडली, तर बाकी सगळ्या कालव्याकाठच्या, त्यांना चारा होता. म्हणजे वहिनीच्या गायींच्या तोंडचा घास मीच काढला होता, तोही तिच्या मायेपोटी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मुलगीच म्हणाली, "मोजणारीने स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली, तर दुरुस्ती घ्यावीच लागते, काकू. पण मग तिच्यावर कारवाईही होते."

मी साहेबांच्या खोलीत शिरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, सव्वीस वर्षं ही रेघ चढतेय. आता तुमच्यापायी ती खाली आणू?"

"रेघ चढतेय, साहेब. गायी बसल्यात."

"पुढच्या वर्षीपासून शून्य लिहा. यंदाचं राहू द्या. तुमच्या निवृत्तीला किती महिने राहिले?"

"आठ."

"मग कशाला विकतचं दुखणं घेता?"

आता मात्र माझा पारा चढला. मी पिशवीत कायम असणारा डबा काढला आणि त्यांच्या टेबलावर पालथा केला. नऊ बिल्ले खडखडत पडले, एक थेट त्यांच्या चहाच्या कपात. गाय मेली की बिल्ला कापून कार्यालयात द्यायचा, असा नियम होता. मग कार्यालयच म्हणालं, हा कचरा पाठवू नका. मला काही ते टाकवले नव्हते.

"हा सतरा, हा चार, हा एकतीस. जा, ह्यांची धार काढून आणा. मी बादली धरते. एक थेंब जरी निघाला, तर तुम्ही म्हणाल तिथे सही करीन!"

साहेब कपातला बिल्ला चमच्याने काढत म्हणाले, "चौकशी लागेल. चूक तुमची आहे."

"माझीच आहे. कागद द्या."

त्यांच्याच टेबलावर, उभ्या उभ्याच मी लिहून दिलं. चार वर्षं मी चुकीचे फॉर्म भरले, इथपासून सगळं, एक शब्दही न चोरता. मग सव्वीस रेघा खोडून सव्वीस शून्यं काढली. घाबरत होते ती शून्याला थोडीच, लोकांच्या उतरलेल्या तोंडाला.

भागाचा आकडा निम्म्याखाली आला. तीन आठवड्यांनी चाऱ्याचा ट्रक आला आणि त्याच सकाळी माझं निलंबनाचं पत्रही. ते तसंच पिशवीत कोंबून मी वहिनीच्या गोठ्यात गेले. तिला रेघेचं सांगायचं अजून बाकी होतं. सांगितलं. ती गायींपुढे चारा टाकत होती, टाकतच राहिली.

शेवटची पेंढी सोडत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही शून्य काढलं असतंत ना वन्सं, तर मी जन्मभर तुमचं तोंड पाहिलं नसतं."

"आणि आता?"

"आता काय? मोजायचा दिवस आहे ना आज?"

"मला काढलंय गं. फॉर्मसुद्धा नाही माझ्याकडे."

"मग त्या पत्राच्या मागे लिहा. पाठकोरंच आहे ते."

मी काटा काढला. तिसरीचं भरलं सव्वातीन लिटर. आटलेल्या दोघींपुढे शून्य, शून्य. मी पेन खिशात ठेवणार, तेवढ्यात वहिनीने कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडे बोट केलं.

"तिचंही लिहा."

मी सतरा लिहिलं आणि पुढे गोल, ठसठशीत शून्य काढलं. वहिनी शेजारी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती.