मांगुर माझा आहे

बंडू गावंडे जळत होता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने त्याच्यात दुसरं काही खोल-बिल शोधत बसू नये. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत पक्की नोकरी, गुढियारी वस्तीत स्वतःचं घर, बायको प्रेमला हाताची चांगली. तरी जळत होता. आणि कोणावर? स्वतःच्या मितानावर.

मितान म्हणजे नारळ देऊन-घेऊन, चार माणसांसमोर बांधलेली दोस्ती. छत्तीसगडची रीत. आपली माणसं विदर्भातून इथे आली, पण दोन पिढ्या काढल्या की इथलं अंगाला लागतंच. बंडूचा आणि प्रशिक मेश्रामचा बाप एकाच शेडमध्ये घाम गाळायचे. शेजारच्या छत्तीसगडी बाईने या दोन पोट्ट्यांना समोरासमोर बसवलं आणि मितान करून टाकलं. एक घर हिंदू, एक बौद्ध. तिने जात विचारली नाही. नंतर ज्यांनी विचारली, त्यांना दोघांच्या आयांनी दारातून हाकललं. मितानाचा नियम एकच: एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, मरेपर्यंत. नाव घेतलं की नातं संपलं. दोघांचे केस पिकले, पण हाक एकच. "काय मितान?" "हव मितान."

शहराबाहेर गिट्टीची जुनी खदान होती, पाण्याने भरलेली. जवळच्या गावातल्या ढीमरांची, म्हणजे मासेमारांची समिती तिच्यात दरवर्षी रोहू-कतल्याचं बीज सोडायची, आणि रविवारी गळ टाकून बसायला हौशी लोकांना मनाई नव्हती. त्या काठावर बंडू राजा होता. चाऱ्यासाठी कणकेत भाजलेली ढेप, म्हणजे पेंड, कशी मळायची, वारा फिरला की कुठे बसायचं, सगळे त्याला विचारायचे. कारखान्यात त्याला कोणी काही विचारत नसे. घरात तर त्याहून नाही. रविवारची ती विचारपूस हीच त्याची कमाई होती.

मग प्रशिकच्या जावयाने दोन बंस्या पाठवल्या, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी लावलेल्या गळाच्या काठ्या. प्रशिकने एक सरळ बंडूच्या हातात ठेवली.

"हे तुह्यी, मितान. आपण दोघं सोबत शिकू."

शिकू! बंडूने ती घरी नेऊन माळ्यावर टाकली. पुढच्याच रविवारी प्रशिकने चरखीवर हा एवढा कतला काढला. त्याची पोरगी दीक्षा हिने व्हिडिओ काढून मोबाईलवर सोडला. त्यानंतर लोक ढेपेचं विचारेनात. दोऱ्याचं विचारू लागले, चरखीचं विचारू लागले, आणि प्रशिकला विचारू लागले.

"मितानानं नाव काढलं ना," प्रेमला म्हणाली.

"कोणाचं?"

"गुढियारीचं. तुमचं थोबाड काहून उतरलं?"

उतरायचं काय, ते जळून गेलं होतं.

बंडूने हायवेवरच्या एका माणसाला गाठलं. तो बंदी असलेल्या थाई मांगुरचं बीज चोरून विकायचा. आपल्याकडची मोंगरी मासळी वेगळी, हातभरही होत नाही, बिचारी चिखलात पडून असते. हा परदेशी मांगुर वर्ष-दीड वर्षात पोरासारखा वाढतो, समोर येईल ते खातो, आणि गळाला लागला की माणसाचे खांदे उखडतो. बंडूला तेच हवं होतं. भर दुपारी, काठावर कोणी नसताना, त्याने दोन डबे पाण्यात रिकामे केले. आत काय आहे, ते फक्त त्यालाच ठाऊक. कोंबडीच्या आतड्यांवर येतो, हेही त्यालाच ठाऊक. समितीच्या बीजाचं काय होईल? विचार आला होता. त्याने तो बाजूला सारला. जळणाऱ्या माणसाचा हिशेब एवढाच असतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बंडूने पहिला मांगुर काढला. काळा, मिशाळ, मांडीएवढा. काठावर बोंब उठली. म्हाताऱ्या यशवंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अरे बंड्या, हे काय जनावर काढलं बे!"

पुढे तर दर रविवारी. बाकीच्यांच्या गळाला बोटभर रोहूसुद्धा लागेना. ढीमर जाळं टाकायचे आणि रिकामं झटकायचे; मांगुर तळच्या चिखलात दडून राहायचे. बंडू पुन्हा राजा झाला. पण त्याला सुख कुठे? कारण प्रशिक जळेना! तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, "पाह्य, माह्या मितानाचा हात पाह्य!" आपल्या मोबाईलवर बंडूचेच फोटो लोकांना दाखवत फिरायचा. बंडूला वाटायचं, याचा गळा दाबावा.

एका रविवारी प्रशिकने कंटाळून चाऱ्याला कोंबडीचं काळीज लावलं. चरखी किंचाळली. बंसी कमानीसारखी वाकली. प्रशिक घसरत पाण्याच्या कडेला गेला.

"मितान! जाळी धर, जाळी!"

बंडूने जाळी धरली. हात सवयीचे, ते जळत नाहीत. मासा वर आला. बंडूने आजवर काढलेले सगळे याच्यापुढे पिल्लं होती.

"अरे बाप रे," यशवंतराव म्हणाले. "हा आला कुठून बे आपल्या खदानीत?"

"पुरात आला असन," मागून कोणीतरी म्हणालं.

प्रशिक हसत होता, धापा टाकत होता. "नशीब म्हना, दुसरं काय! नशिबानंच टाकला माह्यासाठी."

"नशीब?" बंडूच्या हातातली जाळी खाली पडली. "नशिबानं नाई टाकला, मी टाकला! मी आनला, मी सोडला. माह्या मासा हाय तो, प्रशिक!"

कोणी हललं नाही.

बंडूला वाटलं, सगळे मांगुर ऐकून थक्क झाले. म्हणून तो सांगतच सुटला: बीज कुठून आणलं, डबे किती, आतड्यांवर कसा येतो. कोणी ऐकत नव्हतं. यशवंतरावांनी त्याचा दंड धरला.

"तू नाव घेतलं बे त्याचं."

तेव्हा बंडूला आपल्याच तोंडातला शब्द ऐकू आला.

प्रशिकने वाकून गळ काढला, मासा दोन्ही हातांनी उचलला, बंडूच्या पायाशी ठेवला. "घे. तुह्या हाय म्हन्ते तर ने." आणि निघाला. त्याच्यासोबत आलेली दीक्षा मागे वळून म्हणाली, "काका, पापा तो आप ही के लिए ताली बजाते थे." पोरगी घरच्यासारखी मराठीत बोलली असती तर कमी लागलं असतं.

काठावरची गोष्ट ढीमर समितीपर्यंत पोचली आणि तिने हिशोब जोडला. त्यांचं बीज कुठे गेलं, ते आता कळलं. पोलिसात जायचं की नाही यावर भांडणं झाली. शेवटी ठरलं की उन्हाळ्यात पंप लावून खदान उपसायची, सगळे मांगुर काढून मारायचे, आणि मगच नवं बीज टाकायचं. मदतीला रविवारचे सगळे गेले. प्रशिक सगळ्यांत आधी. बंडूला कोणी बोलावलं नाही.

"जाऊ नोका," प्रेमला म्हणाली. "मितानाच्या घरची मितानीन माह्याशी बोलत नाई. आता आनखी शोभा नको."

तो गेला. वरच्या कडेला उभा राहिला. खाली चिखलात काळ्या पाठी वळवळत होत्या. लोक कमरेत वाकून पकडत होते, एकमेकांना दाखवत होते, हसत होते. माझे मासे, आणि मजा यांची! ते त्याला सोसवेना. चप्पल काढून तो उतरला आणि सगळ्यांना सोडून मधोमध गेला. कारण सगळ्यांत मोठी पाठ तिथे हलताना दिसली होती.

त्याने झडप घातली. मांगुर सापडला. छातीशी कवटाळला तशी शेपटी त्याच्या गालावर सटासट बसू लागली. बंडू आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत चिखलात गेला. धडपडला तसा आणखी रुतला. कोणीतरी ओरडलं. लोक थबकले, पुढे कोणी येईना.

प्रशिक आला. पत्र्याचा तुकडा चिखलावर टाकून त्यावर पोटावर आडवा झाला आणि हात लांब केला.

"हात दे."

पुढे कुठलंच संबोधन नव्हतं. रस्त्यावरच्या कोणालाही म्हणावं तसं.

हात द्यायचा तर मासा सोडावा लागणार होता. चिखल कमरेला आला. बंडूने मांगुर आणखी घट्ट धरला, हनुवटी त्याच्या डोक्यावर दाबली आणि प्रशिककडे पाहिलं.

"आधी पाह्य तर खरं," तो म्हणाला, "तुह्यावाल्यापेक्षा मोठा हाय का नाई?"