कपाटाकडचा उतार

दिवाळीनंतर आमच्या घराची जमीन स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे उतरू लागली. ते आधी ओवीच्या लक्षात आलं. ओवी माझी मुलगी, पहिलीत शिकणारी. तिचा चेंडू कुठेही ठेवला तरी घरंगळत कपाटापाशी जाऊन थांबायचा. त्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे, माझी बाटली असायची.

माझ्या बायकोने, शर्वरीने, पलंगाच्या उताराकडच्या पायांना ठोकळे लावले आणि घरी कुणाला बोलावणं बंद केलं.

मला उतार फारसा जाणवत नसे. एक पेग घेतला की जमीन सपाट व्हायची. पुढे एकाने भागेना.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. फळ्यावर हात न उचलता पूर्ण वर्तुळ काढायचो तेव्हा मुलं टाळ्या वाजवायची. आता ते वर्तुळ एका अंगाला ओघळायचं, कारण वर्गही माझ्या पिशवीकडे कलला होता. मुख्याध्यापिकांना मी तसं सांगितलं. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, काही दिवस घरी थांबा.

घरी उतार वाढला. एका सकाळी शर्वरी माझ्यासमोर बसली, एका हाताने खिडकीचा गज धरून.

"उठल्या उठल्या लागते ना तुला?"

"जमीन तिरकी आहे. आधाराला घेतो."

"थांबवता येईल?"

"येईल की. जमीन सरळ झाली की थांबवतो."

ती डॉक्टरांशी बोलून आली होती. एकदम बंद करणं धोक्याचं आहे, दवाखान्यात ठेवूनच सोडवावी लागेल, असं ते म्हणाले होते. मी रविवारी येतो म्हणालो. तिने बॅग भरली.

रविवारपर्यंत घराचं दार फार वर गेलं होतं. खुर्च्या, पलंग, तिचं शिलाई मशीन, सगळं घसरत येऊन माझ्याभोवती अडकलं होतं. मी कपाटाला पाठ टेकून उभा होतो. वर उंबरठ्यात शर्वरी दिसत होती. बाहेर रिक्षा थांबली आहे, म्हणाली. चढून ये, म्हणाली. मी प्रयत्न केला. फरशीवर पाय ठरेना.

मग ती शेजाऱ्यांकडे दोर मागायला गेली.

तेवढ्यात ओवी उंबरठ्यावर येऊन बसली, पाय आत सोडून.

"बाबा, मी येते तुला आणायला."

"नको. तिथेच बस."

पण तिला ती घसरगुंडी वाटली. तिने हात सोडले. ती हसत हसत खाली येऊ लागली, आणि तिचा वेग वाढत गेला. तिला झेलायला मी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. एका घोटाने ते स्थिर झाले असते. मी कपाटाचं दार उघडलं.