बाहेरच्या खांबावरचा दाभण

मी एक जुना दाभण आहे. दाभण म्हणजे सुईचा थोरला भाऊ, पोती शिवणारा. हसू नका मित्रांनो. आज माझ्या अंगावर गंज चढला आहे, नेढ्यात माती बसली आहे आणि टोक इतकं बोथट झालं आहे की शिळ्या भाकरीलासुद्धा भोक पडायचं नाही. पण माझे दिवस होते, आणि ते मी सांगणार आहे. तुम्हाला आवडो न आवडो, ऐकून घ्या.

माझा जन्म छत्रीच्या पोटी झाला. तेव्हा आमच्या मुलखावर निजामाचं राज्य होतं. सारा-महसूल तपासत फिरणाऱ्या एका गिरदावरसाहेबाची छत्री उमरग्याच्या बाजारात वाऱ्यानं उलटी झाली आणि साहेबानं ती तिथंच फेकून दिली. लिंबाखाली बसलेल्या घिसाड्यानं तिच्या काड्या उचलल्या. त्यातली एक मी. त्यानं मला भट्टीत लाल केलं, ठोकलं, एका बाजूला टोक काढलं आणि दुसऱ्या बाजूला नेढं पाडलं. साहेबाच्या डोक्यावर मिरवणारा मी, एकदम पोत्याच्या तोंडाशी आलो. सुरुवातीला जीव नकोसा झाला होता. पण खरं सांगू का, छत्रीत होतो तोवर मला कुणी ओळखतच नव्हतं. दाभण झालो आणि लोक मला शोधायला लागले.

मला घेतलं बंडप्पानं. उमरग्यापासून कोसभर लांब त्याचं खेडं. तिथून तो रोज चालत बाजारात यायचा आणि आडतीवर हमाली करायचा. जवारी, तूर, करडई, जे येईल त्याची पोती भरायची, तोंडं शिवायची आणि पाठीवर घ्यायची. बंडप्पानं घातलेला टाका गाडीत सोलापूरपर्यंत सुटायचा नाही. आडतवाले शेठ चारचौघांत त्याची वाहवा करायचे. त्याची म्हणजे माझीच की! मी कुणासमोर मान खाली घातली नाही.

मग दूर कुठंतरी मोठी लढाई पेटली आणि तिची झळ आमच्या आडतीपर्यंत आली. सरकारनं लेव्ही लावली. धान्य शेतातनं थेट सरकारी कोठारात जायला लागलं. आडतीवर माल येईना, तिथं हमाल कशाला लागतात? शेठनं बंडप्पाला घरी बसवलं. जाताना फाटकी-तुटकी पोती नेऊ दिली, एवढाच काय तो उपकार. बंडप्पानं ती खांद्यावर टाकली, मला पटक्यात खोचलं आणि मी प्रथमच त्याच्या घरी आलो.

घर धाब्याचं, दोन खणांचं. घरात त्याची म्हातारी आई रुद्रम्मा, बायको शरणम्मा आणि लहानगी लेक जगदेवी. रुद्रम्माच्या जिभेला माझ्यापेक्षा जास्त धार होती. मुलाचं काम सुटल्याचं ऐकलं आणि तिनं दोष सरळ सुनेच्या माथी मारला. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडं दिवेलागण झाली की घरातलं मीठ किंवा सुई बाहेर देत नाहीत. दिली की तिच्यापाठोपाठ लक्ष्मी निघून जाते म्हणतात. दिवाळीच्या सुमारास शरणम्मानं कुणाला तरी तिन्हीसांजेला चिमूटभर मीठ दिलं होतं. झालं! रुद्रम्मा उठता-बसता तेच उगाळायची. कधी मराठीत, कधी कानडीत. शरणम्मा उलटून एक शब्द बोलायची नाही. पण तिच्या मनात ते खोल रुतून बसलं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळायचं. मीठ वाढतानासुद्धा तिचा हात थबकायचा.

त्या साली थंडी लवकर उतरली. घरात पांघरूण म्हणून काय होतं? रुद्रम्माचं एक घोंगडं आणि चाळण झालेली एक वाकळ. नवं कापड आणावं तर ते कंट्रोलवर. चावडीवर खेटे घालून चिठ्ठी मिळाली तर मिळाली, आणि चिठ्ठी मिळाली म्हणून दुकानात कापड असेलच असं नाही. बंडप्पाच्या हाताला काम नाही, घरात जवारीसुद्धा बेतानंच शिजायची. अशा वेळी हातपाय गाळून बसणारी बाई शरणम्मा नव्हती.

तिनं आधी भिंती धरल्या. माती-शेण कालवून उत्तरेकडच्या भिंतीतली प्रत्येक भेग बुजवली. त्या भिंतीला बाहेरून कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावल्या, म्हणजे वारं थेट आत यायला नको. जगदेवीला बरोबर घेऊन लोकांच्या रानातनं तुराट्या वेचून आणल्या, गोवऱ्यांचा ढीग घराच्या आत घेतला. खाली अंथरायला एका पोत्यात भुसा भरला. आणि मग तिनं मला हातात घेतलं.

वाकळ शिवायची होती आणि तिला कापड नव्हतं. म्हणून शरणम्मानं पोतीच उसवली, ओढ्यावर आपटून धुतली, उन्हात वाळवली. वर-खाली पोतं आणि मध्ये जुनी वाकळ, बंडप्पाचं विरलेलं धोतर, आणखी कुठल्या कुठल्या चिंध्या. दोऱ्यासाठी सुतळी उकलून तिच्या बारीक लडी केल्या. साध्या सुईचं ते काम नव्हतंच, तिथं माझीच छाती लागत होती. शरणम्मा दारात बसून टाके घालायची आणि मी त्या थरांतून आरपार जायचो. आडतीवर मी पोत्यांची तोंडं बंद करत होतो. इथं मी लेकराच्या पाठीची ऊब शिवत होतो. या कामाचा मला जास्त अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही.

शेजारी कस्तुराबाई राहायची. तिचा नवरा कोंडीराम सोलापूरला गिरणीत काम मिळतं का बघायला गेला होता. ही इथं तान्ही अंजिरा घेऊन एकटी. दिवसभर लोकांच्या तुरी काढायला जायची, तेव्हा अंजिरा शरणम्माच्या ओसरीवरच्या झोळीत असायची. शरणम्मा तिला ‘कूसू, कूसू’ म्हणून हलवायची. कूसू म्हणजे कानडीत बाळ. पोरगी भारी गोड होती. माझ्याकडं बघून हात पसरायची आणि शरणम्मा मला झटकन उंच धरायची.

कस्तुराबाईनंही चिंध्या जमवल्या होत्या. पण तिच्याकडं दाभण नव्हता. लढाईमुळं लोखंड महाग झालेलं, साऱ्या गल्लीत मी एकटाच. माझी वाकळ झाली की तुझी, असं शरणम्मानं तिला कबूल केलं होतं आणि कस्तुराबाई मुकाट्यानं आपल्या पाळीची वाट बघत होती.

शरणम्माची वाकळ शिवून झाली. पण जगदेवी हट्टाला पेटली. तिला लाल कड हवी होती. शरणम्मानं आपल्या इरकल लुगड्याचा फाटका पदर काढला आणि त्याची कड लावत बसली. त्यात तो सगळा दिवस गेला. आईनं लेकीसाठी एवढंही करू नये का? मी तिला दोष देत नाही. पण तो दिवस गेला, हे खरं आहे.

त्याच दिवशी दुपारपासून उत्तरेचं वारं सुटलं. संध्याकाळी अंगणात उभं राहवेना. कस्तुराबाई तुरीच्या रानातनं आली, अंजिराला घेऊन घरी गेली आणि घटकाभरानं परत दारात आली. आत रुद्रम्मानं नुकताच दिवा लावून लिंगपूजा केली होती. शरणम्मा चुलीपुढं होती. मी तिच्या हाताशी भिंतीच्या फटीत खोचलेला होतो.

“वैनी, दाभण द्या की,” कस्तुराबाई म्हणाली. “थर मांडून आलेय. लई गार सुटलंय, चार टाकं घालते न् लेकराला घेऊन पडते.”

शरणम्माचा हात माझ्यापर्यंत आला. तिची बोटं मला लागली होती, मित्रांनो. तेवढ्यात रुद्रम्मानं दिव्याकडं बघितलं. शरणम्माचा हात मागं गेला.

“दिवं लागलं, कस्तुरा,” ती म्हणाली. “आता कसा देऊ? उजाडल्या उजाडल्या मीच आणून देते.”

तुम्हाला वाटेल, कस्तुराबाई रागावली असेल. नाही. तिच्या घरातही तीच रीत होती. तिच्या दारात कुणी या वेळी आलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. ती उलट शरमली. “व्हय की वैनी, माझ्या ध्यानातच न्हाय राह्यलं,” म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून निघून गेली. मी फटीत होतो तिथंच राहिलो. लोखंडाला तोंड नसतं, एवढंच मी सांगू शकतो.

सकाळी सूर्य वर यायच्या आत शरणम्मा मला घेऊन शेजारी गेली. कस्तुराबाई जमिनीवर बसली होती आणि अंजिरा तिच्या मांडीवर होती. पोरीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, ओठ निळे पडले होते. बाजूला ते थर इकडं तिकडं पसरले होते. टाका नसलेले थर अंगावर राहतात कुठं? आई दिवसभराची दमलेली, तिचा डोळा लागला. चिंध्या घसरल्या आणि लेकरू उघडं पडलं. शरणम्माच्या हातातून मी उंबऱ्यावर पडलो. तिनं उचललंसुद्धा नाही.

मग नुसती धावपळ झाली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छाती शेकली. रुद्रम्मा स्वतः काठी टेकत आली आणि पोरीचे तळपाय चोळत बसली. उतार पडेना. बंडप्पानं पोरीला उमरग्याच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. शरणम्मानं घरातनं ती नवी वाकळ आणली, लाल कडेची, आणि अंजिराला तिच्यात गुंडाळलं. बंडप्पा पुढं आणि मागं कस्तुराबाई, असे ते निघाले. पुढचं मी बंडप्पाच्या तोंडून ऐकलं. उमरग्याची घरं दिसायला लागली होती, तेवढ्यात छातीशी धरलेली धडपड थांबल्याचं त्याला जाणवलं. कस्तुराबाईला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. तो तसाच वेशीपर्यंत चालत राहिला.

मयताच्या नावानं चावडीवरनं पांढरं कापड मिळालं. त्याच चावडीवर कस्तुराबाई महिनाभर जित्या लेकरासाठी कापड मागत होती. अंजिराला ओढ्याकाठी पुरलं. तिच्या अंगाभोवतीची वाकळ परत घरात आणायची रीत नाही, ती तिच्याबरोबरच मातीत गेली. बंडप्पानं बायकोकडं बघितलं, कारण घरात म्हातारीच्या घोंगड्याखेरीज दुसरं पांघरूणच नव्हतं. शरणम्मा एवढंच म्हणाली, जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई ओसरीवर आली. तिच्या हातात त्याच चिंध्यांची घडी होती. ती घडी तिनं शरणम्माच्या पायाशी ठेवली.

“तुमच्या जगदेवीला शिवा, वैनी. मला आता लागत न्हाईत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शरणम्मा त्या घडीवर डोकं ठेवून इतकी रडली की आतून रुद्रम्मासुद्धा बाहेर आली. म्हातारीनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राहिली. मिठाचं बोलणं त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही.

त्या चिंध्यांची वाकळ झाली. टाके घालताना शरणम्माच्या बोटांत मी कितीदा तरी घुसलो, तिला कळलंही नाही. शेवटचा टाका घातला, सुतळी तोडली आणि मला घेऊन ती उठली. ओसरीच्या बाहेर, रस्त्याकडंच्या खांबावर तिनं एक खिळा ठोकला. माझ्या नेढ्यात सुतळीचा फासा ओवून मला त्यावर टांगलं. रुद्रम्मानं विचारलं, बाहेर ठेवलास तर कुणीतरी नेईल की.

“नेऊ दे,” शरणम्मा म्हणाली. “कुणी मागायला नको, न् म्या न्हाय म्हणायला नको.”

तेव्हापासून मी खांबावरचा झालो. गल्लीतल्या बाया येत, मला काढून नेत आणि काम झालं की आणून अडकवत. दिवे लागण्याआधी, दिवे लागल्यावर, कधीही. रीत मोडली म्हणून कुणी ओरडलं नाही, कारण देणारं कुणी नव्हतंच. सारी गल्ली माझ्या टाक्यांखाली निजायची. पुढं निजामाचं राज्य गेलं, कापड मोकळं झालं, गावात शिवणयंत्र आलं, आणि मला काढून नेणारे हात कमी होत गेले. शरणम्मा म्हातारी होऊन गेली. आता पाऊस लागतो, ऊन लागतं, पोरं येता-जाता मला टिचकी मारून हलवतात. मला त्याचं काही वाटत नाही. गंजणं हे लोखंडाच्या नशिबातच असतं.

एक मात्र सांगतो. कस्तुराबाईनं मला कधीच नेलं नाही. कोंडीराम परत आला, तिला पुढं लेकरं झाली, तिच्या घरात वाकळा झाल्या. त्या तिनं कुठून शिवून आणल्या कोण जाणे. पण खांबाजवळनं जाताना ती मान वळवायची. आणि शरणम्मा मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला ओसरीवर येऊन खिळ्याकडं बघायची. मी तिथं दिसलो की आत जायची.

मित्रांनो, थंडीच्या दिवसांत तुमच्या दारात कुणी आलं, अंगावर घ्यायला काही मागितलं, टाका घालायला सुई मागितली, तर दिवा लागलाय का हे बघू नका. मागणाऱ्याच्या अंगावर काय आहे ते बघा, आणि जे द्यायचं ते तेव्हाच द्या. सकाळी देतो म्हणू नका. सकाळी शरणम्मा मला घेऊन गेलीच होती.