लाल झाकणाचा डबा

दुधात भिजून मऊ पडलेले कॉर्नफ्लेक्स तिने फडक्यात ओतले, चारी टोकं गोळा केली आणि पिळायचा मोह आवरून गाठोडं नळाला टांगून ठेवलं. पिळलं की दूध जास्त निघतं पण पिठूळ निघतं, हे सहा खोकी संपवल्यावर तिला कळलं होतं. आता दूध आपल्या मर्जीने ठिबकत होतं आणि ती ओट्याला टेकून हिशेब करत होती.

चार वाजता डेअरीचे धाकटे मालक येणार होते. त्यांना आइस्क्रीम पसंत पडलं तर डेअरीच्या दुकानातल्या काचेच्या फ्रीजरमध्ये एक कप्पा तिच्या पदरात पडणार होता. कप्पा मिळाला की दिवसभर कानाला फोन लावून परक्या माणसांच्या तक्रारी ऐकायची नोकरी सुटणार होती. आणि नोकरी सुटो न सुटो, डब्यावर बारीक अक्षरांत का होईना तिचं नाव छापलं जाणार होतं. या घरात ते अजून कशावरच नव्हतं, दारावरच्या पाटीवरही नव्हतं. समोरच्या बाजूला सहा खोकी, नऊ रविवार आणि कालचा करपलेला डबा. एकूण सौदा फायद्याचा दिसत होता.

करपलेल्या डब्याचं असं झालं की काल संध्याकाळी कॉर्नफ्लेक्स ओव्हनमध्ये भाजायला ठेवले आणि तेवढ्यात आईचा फोन आला. आईचा फोन म्हणजे अर्धा तास. कॉर्नफ्लेक्स काळपट झाले. तरी तिने ते दुधात घातले, कारण लिटरभर दूध तापवून झालं होतं. आणि मशीन फिरवून झाल्यावर चाखलं तेव्हा जळक्या दोरीसारखा वास तोंडभर झाला. टाकून द्यायला जीव होईना. नवरा बाहेरगावच्या कामावरून आला की खाईल, असा विचार करून तिने डब्याला लाल झाकण लावलं. नवऱ्याला काहीही दिलं तरी तो छान म्हणे, आणि म्हणून त्याचं छान घरात कुणी हिशेबात धरत नसे.

धरत असत ते सासऱ्यांचं. डेअरीत त्यांना सगळे चवनीस म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या चमच्यावरून गेल्याशिवाय एकही नवी चव दुकानात गेली नव्हती. थोरल्या मालकांबरोबर बसून त्यांनी दोन नियम केले होते. करणाऱ्याने आधी खायचं, तेही चाखणाऱ्यासमोर. आणि चाखणाऱ्याच्या हातचं काही दुकानात ठेवायचं नाही, कारण स्वतःच्या हातचं खाताना माणसाचं तोंड खरं बोलत नाही. दुसऱ्या नियमापायी चवनीसांनी जन्मात स्वतः आइस्क्रीम केलं नव्हतं. सुनेने करायला घेतलं तेव्हा मात्र ते म्हणाले होते, हात तुझा, तोंड माझं, यात नियम कुठे मोडतो.

दुपारपर्यंत दुसरा डबा तयार झाला. तिने तो चाखला आणि ओट्याशी उभी राहून स्वतःशीच हसली. लहानपणी वाडग्याच्या तळाशी उरायचं ते दूध, तेच, पण गार आणि दाट. त्याला तिने पांढरं झाकण लावलं आणि केस विंचरायला गेली.

परत आली तेव्हा सासरे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर डबा उघडा होता आणि ते तिसरा चमचा घेत होते.

"जमलं गं तुला," ते म्हणाले. "मघाशी ओट्याशी हसत होतीस, तेव्हाच ओळखलं. आता हात लावू नकोस. मी हो सांगून टाकतो."

डब्याशेजारी लाल झाकण पडलेलं होतं.

आधी तिला वाटलं, टर उडवताहेत. त्यांचा स्वभावच तसा, पहिल्या वर्षी तिच्या वरणाला त्यांनी तळं म्हटलं होतं. पण टर उडवताना त्यांची डावी भुवई वर जाई, आणि आत्ता दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. जळका वास तिला दारापर्यंत येत होता. ते चमचा चाटत होते.

तिने खुर्ची ओढली नाही. उभ्या उभ्या तिला मागचे महिने आठवायला लागले. दीड वर्षापूर्वीचा त्यांचा तो लांबलेला ताप. त्यानंतर एकदा दूध उतू जाऊन गॅसवर जळून गेलं, आणि हे शेजारी पेपर वाचत बसले होते; तिने पेपरला बोल लावला होता. आणि तेव्हापासूनच चहा आला की ते कप तिच्याकडे सरकवत, आधी तू घे म्हणत, आणि ती घोट घेईपर्यंत तिच्याकडे बघत राहत. सासरा असावा तर असा, असं तिने आईला फोनवर सांगितलं होतं. ती रक्कम आता दुसऱ्या खात्यावर लिहायला हवी होती.

त्यांची चव खरंच गेलीय का, याची खात्री करायला एकच चमचा पुरला असता. तिने फ्रीजरमधून पांढऱ्या झाकणाचा डबा काढला.

"हा दुसरा आहे बाबा. बघा बरं."

"आधी तू."

तिने घास घेतला. इतकं सुरेख तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिने नाक मुरडलं, ओठ मिटले आणि मान किंचित हलवली. मग चमचा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून घास जिभेवर फिरवला आणि गिळला.

"हं. याचं दूध खाली लागलंय जरा."

तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं.

पंधरा मिनिटं उरली होती. ती पेले मांडत राहिली. तिचा कप्पा ज्या एका शब्दावर मिळायचा तो शब्द पोकळ निघाला होता, आणि हे जगात तिला एकटीला माहीत होतं. ती गप्प राहिली तर कुणाचंच काही जात नव्हतं. इतकं स्वस्तातलं गप्प राहणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

धाकटे मालक बरोबर चारला आले. हातात थर्मोकोलचा डबा होता. चपला काढल्या, सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, थोरल्या मालकांचा नमस्कार सांगितला. मग डबा टेबलावर ठेवला.

"काका, आधी माझं एक काम. दोन व्हॅनिला आहेत. कुठलं पाठवू दुकानात?"

"करणारा कुठाय?"

"करणारे कारखान्यात."

"मग सूनबाई खाईल आधी. घरी आलं म्हणून नियम सुटतो की काय?"

मालक हसले आणि दोन्ही कप तिच्यापुढे सरकवले. पहिला साधा, स्वच्छ होता. दुसऱ्याला नव्या प्लास्टिकचा वास मारत होता, नवीन बादली उन्हात ठेवल्यावर येतो तसा. सासरे तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तिच्याकडे इतकं मन लावून कुणीच बघितलं नव्हतं. तिने असा चेहरा केला की नाटकाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसावा.

चवनीसांनी दोन्ही सावकाश खाल्ली. मध्ये पाण्याचा घोट घेतला. दुसऱ्याला डोळे मिटले.

"दुसरं नको."

"का हो काका? काय झालंय त्याला?"

सासऱ्यांनी जीभ टाळूला लावली, जणू चव अजून शोधताहेत. तिने दुसऱ्या कपाचं प्लास्टिकचं झाकण उचललं, त्यावर नखाने टकटक केलं आणि कपावर बसवलं.

"झाकणाचा वास शिरलाय त्यात," चवनीस म्हणाले. "नवीन झाकणं गरम पाण्यातून काढली नाहीत तुझ्या पोरांनी."

मालकांनी मान डोलावली. ते काकांकडे बघत नव्हते. तिच्या नखाकडे बघत होते.

मग पांढऱ्या झाकणाचा डबा उघडला. आधी तिने खाल्लं आणि या वेळी हसू लपवलं नाही. सासऱ्यांनी खाल्लं. म्हणाले, मघाशी दूध लागल्यासारखं वाटलं होतं, पण मुरल्यावर गेलं ते, आता फक्कड आहे, घेऊन टाक. मालकांनी एक पेला संपवला, दुसरा मागून घेतला, तोही खरवडून संपवला.

"वाडग्यातलं शेवटचं दूध," ते हळूच म्हणाले. मग घरच्या मुलांसाठी डबा नेऊ का, असं विचारलं, आणि तिने तो पिशवीत घालून दिला.

जिन्याने खाली पोचवायला ती गेली. खालच्या वळणावर मालक थांबले आणि त्यांनी दाराकडे एकदा बघितलं.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहितीये?"

तिने कठड्याला हात लावला. "काय?"

"आम्हाला दीड वर्ष झालं. मशीनवरच्या ताई चाखतात आणि काकांकडे बघून चेहरा करतात. सगळ्या कारखान्याला माहितीये. काकांना वाटतं, कुणालाच माहीत नाही." ते पिशवीचे बंद बोटांवर गुंडाळत होते. "ताई महिनाअखेरीस लेकीकडे राहायला चालल्या. दुसरं कुणी जमेना. परवा एकाने चेहरा केला, तर काकांनी त्याला दात दुखतोय का विचारलं."

तिला हसू आलं नाही.

"तुम्ही याल का? काकांची मदतनीस म्हणून. चांगली जागा आहे, महिन्याचा पगार आहे. झाकणाची ती खूण मी ताईंकडूनसुद्धा कधी बघितली नव्हती."

"आणि माझा डबा?"

मालकांनी हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"चाखणाऱ्याच्या हातचं दुकानात नाही. नियम काकांचाच आहे, तो मोडला तर पहिले काकाच विचारतील. मी खोटं बोलत नाही वहिनी, हे असं आइस्क्रीम आमच्याकडे कुणी केलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर उद्याच कप्पा रिकामा करून देतो. मग काकांना मात्र कामावरून निरोप द्यावा लागेल. मी बोलेन त्यांच्याशी. नीट बोलेन."

वरून सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि मग चमचा डब्यावर आपटल्याचा.

"किती वाजता यायचं असतं?" तिने विचारलं.

ती वर आली तेव्हा सासरे तिथेच बसले होते. त्यांनी फ्रीजरमधून लाल झाकणाचा डबा काढला होता आणि पोटाशी धरला होता.

"काय म्हणाला धाकटा?"

"डबा नको म्हणाले. मला तुमच्या हाताखाली शिकायला बोलावलंय."

त्यांचा चमचा हवेत थांबला. मग त्यांची डावी भुवई वर गेली.

"म्हणजे मी हो म्हटलेलं त्याने नाही केलं, आणि वर तुला माझ्या गळ्यात बांधलं."

"हो."

"शिकायला वर्षं लागतात. उगाच तोंडं वाकडी करून होत नाही ते." त्यांनी खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला ते डब्यात वाकले होते, पण कान लाल झाले होते. "बस. आत्तापासूनच सुरू करू. हे घे. आधी तू."

तिने जळका घास तोंडात घेतला आणि त्यांच्याकडे बघून, अगदी सावकाश, पसंतीची मान हलवली.

चवनीसांनी बाकीचा डबा एकट्याने संपवला. पांढऱ्या झाकणाचा धाकट्या मालकांच्या घरी गेला, तिथल्या मुलांनी तो रात्रीपर्यंत उरवला नसणार. चमचे, पेले आणि दुधाचं फडकं तिने धुतलं. फडक्याला भाजलेल्या मक्याचा चांगला वास येत होता, म्हणून ते तिने दोनदा धुतलं.