कैचीला टॉवेल-टोपी

विजयकुमार हे नाव आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्याला कैची म्हणत. औंढ्याच्या स्पर्धेत आमचा फुटबॉलचा संघ दोन वर्षं सेनगावकडच्या संघाकडून हरला, आणि दोन्ही वेळा आमच्या पोरांच्या पायातला चेंडू कापून नेणारा हाच होता. दुसऱ्या वर्षी तर तांड्यावरचा रणजीत, आमचा सगळ्यात पळणारा गडी, त्याच्या पायात अडकून पडला आणि गुडघ्यातून गेला. तो फाऊल होता की नव्हता, यावर पारावर अजून भांडणं होतात. माझा नातू प्रमोद स्वतः कधी खेळला नाही, पण दोरीबाहेर उभं राहून ओरडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही.

प्रमोदच्या मोठ्या बहिणीला, प्रतिक्षाला, स्थळ आलं ते कोटातल्या फोटोसकट. मुलगा वीज खात्यात लाइनमन, वडील नाहीत, मामा कर्ते. माझ्या मुलाला, उत्तमरावला, नोकरीवाला जावई मिळणार म्हणून आनंद झाला. प्रमोदनेही फोटो पाहिला होता. पण मैदानात मातीनं माखलेला माणूस कोटात कसा ओळखू यावा?

रविवारी पाहुणे आले. मुलगा दारात वाकून चप्पल काढू लागला आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला प्रमोद जागीच थिजला.

"आजी," तो माझ्या कानाशी आला, "हा तर कैची हाय!"

"असंल. आज आपला पाहुणा हाय. पाणी दे."

त्यानं पाणी दिलं, पण पोरांना फोनही केला असावा. पोह्यांच्या ताटल्या फिरेपर्यंत समोरच्या कट्ट्यावर सातआठ जण जमले.

"कैची, पोहे खाऊन राहिला का कापून राहिला?"

"चमचा सांभाळ रे, हँड होईल!"

उत्तमराव दारात जाऊन खेकसला. पोरं दोन पावलं मागे सरली, परत पुढे आली. मुलगा मात्र हसला. "बराबर हाय त्यांचं, मामा," तो आपल्या मामांना म्हणाला. "दोन वर्षं हरवलंय त्यांना." मग प्रमोदकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "रणजीतचा गुडघा कसा हाय आता?"

"पळता येत न्हाई."

"मी आलतो दवाखान्यात. तुमच्या पोरांनी जिन्यातूनच वापस लावलं."

प्रमोदनं मान खाली घातली. त्या जिन्यात तोही होता, हे मला तेव्हा कळलं.

मला माझ्या वडिलांची आठवण झाली. माझं लहानपण हिंगोलीत गेलं, मैदानापासून हाकेच्या अंतरावर. परभणीचे, नांदेडचे संघ खेळायला यायचे. त्यांना उतरायला लॉज कुठलं? खेळाडू घरोघर वाटून दिले जायचे. एकदा परभणीच्या उंच गोलकीपरला माझ्या वडिलांनी दुपारभर शिव्या घातल्या. त्याच्या आईपासून बुटापर्यंत काही सोडलं नाही. संध्याकाळी ट्रंक घेऊन तोच आमच्या दारात उभा! आमच्या वाट्याला तो आला होता. वडील म्हणाले, "या. पाय धुवा." आईनं त्याच्यासाठी पाणी तापवलं, वडिलांनी आपली बाज दिली आणि स्वतः खाली घोंगडीवर झोपले. दुसऱ्या दिवशी दोरीबाहेरून पुन्हा त्याच शिव्या. आणि तो गोलपाशी उभा राहून वडिलांना हात करत होता. मैदानाच्या दोरीपाशी काय बोलायचं आणि उंबऱ्याच्या आत काय, हे तेव्हा कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

प्रतिक्षा आणि मुलगा मागच्या अंगणात थोडा वेळ बोलून आले. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा हसू दाबत होती. याआधी तीन स्थळं झाली, पण पोरीच्या तोंडावर असं काही मी पाहिलं नव्हतं.

"काय गं?"

"आजी, मी सरळ विचारलं, रणजीतभाऊला मुद्दाम पाडलं का? तर म्हणले, मुद्दाम न्हाई, पण चूक माझीच होती, उशीर झाला पाय घालायला. आधीच्या पाहुण्यानं तर पगारसुदिक खरा सांगितला नव्हता." मग ती माझा हात धरून म्हणाली, "आजी, बाबाला सांग. मला चालंल."

मी उत्तमरावला खूण केली. मामांनीही मान हलवली. आमच्याकडे पसंती झाली की मुलाला टॉवेल-टोपी करतात, आणि ती मुलीच्या भावानं करायची. सुनेनं, साधनानं, ताट आणलं. नारळ, टॉवेल, पांढरी टोपी. मुलगा पाटावर बसला. प्रमोदनं टॉवेल त्याच्या खांद्यावर घातला. टोपी उचलली.

कट्ट्यावरची पोरं आता उंबऱ्याशी आली होती. दोघांनी मोबाइल वर धरले होते.

"पम्या, कैचीला टोपी घालतो?"

"रणजीतला काय सांगशील रे?"

प्रमोदचा हात हवेत थांबला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगते. त्याला त्या मुलाचा राग नव्हता, त्या मोबाइलची भीती होती. "घाल रे लेकरा," मी म्हणाले. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, माहीत नाही. पोरांपैकी एकानं लग्नपत्रिकेचा लाल पुठ्ठा कापून आणला होता. तो त्यानं पुढे केला. आणि प्रमोदनं टोपी ताटात ठेवून तो पुठ्ठा घेतला आणि खेळाडूला मैदानाबाहेर काढताना पंच लाल कार्ड दाखवतो तसा पाटावर बसलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर उंच धरला.

बाहेर एकच हशा उठला. मुलगासुद्धा हसला, अगदी मनापासून. मैदानातली गंमत त्याला कळत होती. पण मामा उठले.

"ऊठ, विजय."

"मामा, मजाक हाय तो."

"मैदानात दगड मारले असते तरी चाललं असतं. पाटावर बसवून उघड्या डोक्यानं उठवलं. ऊठ."

उत्तमराव टोपी घेऊन धावला. "पाव्हणं, पोरगं हाय, चुकलं, मी घालतो." मामांच्या पायात तोवर चप्पल गेली होती. मुलानं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, ताटात ठेवला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. बापाच्या जागी असलेल्या मामांपुढे तो काय बोलणार होता? आणि मी तरी? माझं वय एवढं, पण त्या वेळी मला कुणी विचारणारं नव्हतं.

पाहुण्यांची जीप कनेरगाव नाक्याला पोचण्याआधी तो व्हिडिओ त्यांच्या गावात पोचला. उत्तमराव दोनदा जाऊन आला. मामा म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण आमच्या गावात ते सगळ्यांनी पाहिलं. प्रमोद महिनाभर कुणाशी बोलला नाही. प्रतिक्षाही त्याच्याशी बोलली नाही.

परवा वादळात आमच्या गल्लीतली तार तुटली. दोन दिवस गाव अंधारात. तिसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला, तो विजयकुमार. खांबावर चढला तेव्हा खाली तीच पोरं उभी होती, मान वर करून. प्रमोदनं न सांगता त्याचा सामान वर ओढायचा दोर धरला. कुणी कैची म्हटलं नाही.

लाइट आली. घराघरातले टीव्ही एकदम बोलू लागले, पोरं "आली, आली" करत पांगली. तो खाली उतरला. घामानं निथळत होता. मी पाणी दिलं आणि पेटीतून तोच टॉवेल काढून पुढे केला.

त्यानं तो ओळखला. हातात धरून ठेवला, तोंड मात्र बाहीनं पुसलं.

"ठेवा आजी. कामाला येईल."

"तुमचं कुठं जमलं का?"

"मामानं बघितलीय एक. वाशीमकडं." त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "तुमची पोरगी बरी हाय न्हाई?"

"हाय," मी म्हणाले.

आत टीव्ही चालू होता. आमचं बोलणं तिथवर जात होतं, पण तो बंद करायलाही प्रतिक्षा उठली नाही.