सोज्वळमामाच्या पांढऱ्या पुड्या

या, अशा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते, ऐकून राग आला तर येऊ द्या.

माझी भाची बस चालवते. खटपटीने मिळवलेली जागा ती, आणि जायची वेळ आली एका खाजेपायी. योनीमार्गात बुरशीचा संसर्ग. औषधाने जायचा, पुन्हा यायचा. तापल्या सीटवर पोरीला बसवेना. कंबर धरल्याचं खोटं सांगून रजा घेत राहिली. शेवटी साहेब म्हणाला, आणखी एक रजा घेतलीस तर बस सुटली समज.

तिच्या मामाचं औषधांचं दुकान आहे. मामा म्हणजे माझा सख्खा भाऊ. लोक त्याला सोज्वळमामा म्हणतात आणि तो ते कौतुक समजतो. त्याने तिला नवी कॅप्सूल दिली. चांगले जिवाणू आहेत, दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, बुरशीला मुळासकट उपटतील, डॉक्टरचं औषध बंद कर, असं बरंच निरूपण केलं. कशी घ्यायची विचारलं, तर पंख्याकडे बघत म्हणाला, रोज रात्री एक. खोक्यावर 'तो' शब्द छापलेला, म्हणून खोकी मागच्या खोलीत फाडून माल पांढऱ्या पुड्यांत बांधायची याची रीत.

भाचीने डॉक्टरचं औषध सोडलं आणि त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या. खाज वाढली, लघवीला बसताना डोळ्यांत पाणी.

मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पुडी सोडून त्यांनी कॅप्सूलवरचं बारीक नाव वाचलं. मग म्हणाल्या, ही गिळायची नाही, योनीत ठेवायची. आणि तशी ठेवली तरी चढलेली बुरशी एवढ्याने जाईल, असा भरवसा आज कुणी देऊ शकत नाही. पुन्हा येऊ नये म्हणून कदाचित मदत होईल, अभ्यास चालू आहेत. आधी बुरशीचं औषध पुरतं घे.

तिने घेतलं. बरी झाली, बसवर गेली. मग एके संध्याकाळी खाकी गणवेशातच मामाच्या दुकानात शिरली, मी मागे. गिऱ्हाइकं उभी होती.

"मामा, ही योनीत ठेवायची कॅप्सूल आहे. एकदा म्हणून दाखवा."

मामाने खोकल्याच्या बाटल्या सरळ करायला घेतल्या.

"पोरीच्या जातीला शोभतं का हे?" एवढंच पुटपुटला.

सकाळी तासभर देवाचं नाव घेतो हा. देवाने घडवलेल्या ज्या वाटेने स्वतः जगात आला, तिचं नाव घ्यायला मात्र जीभ विटाळते. तिच्यावरचा नफा मोजताना नाही विटाळत. असल्या सोज्वळपणाला मी केराच्या टोपलीतही जागा देणार नाही.

रांगेत एक वयस्कर शिक्षिका होत्या. त्यांनी पर्समधून तसलीच पांढरी पुडी काढली, अर्धी संपलेली. गल्ल्यावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेल्या. भाची त्यांच्या मागे धावली, डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्यायला. पण त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

माझ्या भावाची आठवण ठेवायला त्याच्या दुकानाची पाटी आहे, दिवे लावलेली. तुम्ही त्या बाईंची ठेवा. कुठे भेटल्या, तर डॉक्टरीणबाईंचा पत्ता माझ्याकडे आहे.