तिघांची सीट

मित्रांनो, नाशिकला अंबडच्या कारखान्यांमागे जुन्या गाड्या तोडण्याची एक वखार आहे. तिथे कुंपणाला लागून, चाकांऐवजी विटांवर टेकलेली एक पांढरी पिकअप गाडी दिसते, ती मी. बॅटरी पहिल्याच दिवशी गेली, दिवेही कोणीतरी उचलून नेले. आता पत्रा कापायची पाळी आली आहे, म्हणून माझी हकिगत सांगून टाकते. ती माझी कमी आणि सुवर्णाची जास्त आहे. ऐकताना वाईट वाटेल. वाटू द्या.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी माझी जुळणी झाली आणि नाशिकच्या एका दुकानात मला आणून उभं केलं. शेजारी माझी बहीण उभी होती. इंजिन तेच, रंग तोच, फरक फक्त केबिनचा. मी सिंगल केबिन, म्हणजे पुढे ड्रायव्हर धरून तिघांची एक लांब सीट आणि मागे मालासाठी ऐसपैस उघडा हौदा. ती डबल केबिन. तिच्या पुढच्या सीटमागे आणखी एक सीट, त्यावर छप्पर, बाजूला दारं. एवढं सगळं दिल्यामुळे तिचा हौदा मात्र आखूड राहिला होता.

मखमलाबादच्या पुढे मळा असलेले खंडेराव गाडी बघायला आले, ते सगळं घर घेऊनच. बायको गोजराबाई, मुलगा भारत आणि नवीन लग्न होऊन आलेली सून सुवर्णा. फुलं आणि भाजीपाला पिकवणारी ही माणसं. खंडेराव माझ्या हौद्यात चढले, वितीने लांबी मोजली, मग बहिणीचा हौदा मोजला आणि नाक मुरडून खाली उतरले.

"हिच्यात टमाट्याचे क्रेट जास्त बसतील. माल न्यायला गाडी घ्यायची का माणसं मिरवायला?"

तेवढ्या वेळात सुवर्णा माझ्या बहिणीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती. तिने दार हलकेच लावून घेतलं, काच खाली केली, वर केली. भारत जवळ आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "ही बरी हाय ना? आपल्याला समद्यांना आत बसता येईल."

"समद्यांना रोज कुठं जायचंय?" भारत हसला. सुवर्णा खाली उतरली. तिला पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

मला मात्र त्या दिवशी आनंद झाला. कोणी आपली निवड केली की कोणाला नको वाटतं? बहिणीकडे तिरपं बघत, हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून मी ऐटीत दुकानाबाहेर पडले.

बाहेर पडल्या पडल्या पहिला पेच आला. भारत स्टेअरिंगवर बसला, शेजारी खंडेराव. तिसरी जागा मोकळीच होती. सुवर्णाने केबिनच्या पायरीवर पाय ठेवला, तोच गोजराबाईंनी तिचा दंड धरला. "अगं, मामांच्या मांडीला मांडी लावून बसती का काय? लोक काय म्हणतील? चल मागं."

सासऱ्याला सुवर्णा मामा म्हणत असे. त्यांच्यासमोर ती पलंगावरसुद्धा बसत नसे, मग एका सीटवर कशी बसणार? तिने पदर डोक्यावर ओढला आणि सासूच्या मागोमाग हौद्यात चढली. तो दिवस आणि पुढची वर्षं, तिची जागा ठरून गेली.

मी खूप काम केलं, मित्रांनो. पंचवटीच्या मार्केट यार्डात मेथी-कोथिंबीर नेली, टोमॅटो नेले, लासलगावला पाहुण्यांचे कांदेही ओढले. सणाला झेंडूची पोती फुलबाजारात पोहोचवली. "खंडेरावची गाडी दगा देत नाय," असं लोक म्हणत, तेव्हा माझा पत्रा तापायचा तो उन्हाने नव्हे. भारत मला रोज धुवायचा. गोजराबाई दसऱ्याला माझ्या चाकांवर हळदीकुंकू वाहायच्या.

आणि सुवर्णा मागे बसायची. पौषातल्या पहाटे गंगापूर धरणाकडून असा वारा सुटतो की दात वाजतात. ती रिकाम्या क्रेटवर पाय पोटाशी घेऊन, शालीत तोंड खुपसून बसलेली असे. तिला मुलगी झाली, सृष्टी, ती थोडी मोठी झाली, तेव्हा आजोबा नातीला मांडीवर घेऊन पुढे बसू लागले. केबिनच्या मागच्या काचेतून ती आईला हात करायची. आईही हात करायची.

आता एक गोष्ट सांगते, जी माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. माझ्या केबिनमध्ये काय बोलतात ते हौद्यात ऐकू येत नसे आणि हौद्यातलं केबिनमध्ये. मला दोन्हीकडचं ऐकू येई.

अशाच एका थंडीत खंडेराव भारतला म्हणाले, "ती पोर मागं कुडकुडती रे. पुढं बसली तर मी काय खातो का तिला? पण तुझ्या आईला चालायचं नाय." भारत म्हणाला, "मी नाय बाबा आईच्या नादी लागत."

आणि त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, मागे गोजराबाई सुनेला स्वतःच्या शालीत घेत म्हणत होत्या, "मी कवाच म्हणले असते बाई, बस पुढं. पण तुझ्या मामांना आवडायचं नाय. तापट माणूस."

"राहू द्या आत्याबाई. मला सवय झाली आता," सुवर्णा म्हणाली.

ऐकलंत ना? नवरा बायकोचा मान राखत होता, बायको नवऱ्याचा, आणि थंडी सून खात होती. मध्ये फक्त एक काच होती. माझ्या हातात असतं तर मी हॉर्न वाजवून वाजवून सांगितलं असतं. पण हॉर्नवर हातही दुसऱ्याचाच लागतो.

केबिन आणि हौद्यात बोलणं होत नाही, म्हणून मागे बसणाऱ्यांची एक भाषा असते. केबिनच्या टपावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. एसटीच्या घंटीसारखंच. आमच्याकडे ही भाषा शेंबड्या पोरालाही येते. सगळ्या प्रवासात सुवर्णा भारतशी एवढंच बोलू शकत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपारी मळ्यात झेंडूची पोती भरली. भाव चांगला होता, म्हणून भारतने शिगोशीग माल रचला. पोती केबिनच्या मागच्या काचेवर आली, बाजूने इतकी बाहेर आली की डावा आरसा झाकला गेला. दोघी बायका पोत्यांच्या वर बसल्या. वाटेत घरापाशी त्यांना उतरवायचं आणि बापलेकांनी तसंच फुलबाजारात जायचं, असं ठरलेलं होतं. सृष्टी घरी शेजारच्या ठमाबाईंकडे वाट बघत होती.

घर आलं. सुवर्णाने टपावर एक थाप मारली. भारतने मला थांबवलं. ती डाव्या बाजूने उतरू लागली. हौद्यातून उतरताना सगळे उतरतात तशीच, आधी मागच्या टायरवर पाय ठेवून.

गोजराबाईंचे गुडघे दुखत असत. सून उतरतेय तोवर आपणही सरकावं म्हणून त्या पोत्यांवरून उठल्या. तोल गेला. आधारासाठी त्यांनी टपावर हात टाकला. हात घसरला, म्हणून दुसरा टाकला.

धप. धप.

"उतरल्या," असं भारत वडिलांना म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

मित्रांनो, पुढचं मी भरभर सांगते. टायर फिरला, त्यावरचा पाय आत ओढला गेला, सुवर्णा खाली पडली आणि माझं चाक तिच्या पायावरून गेलं. मालाने भरलेलं चाक. ती ओरडली ते भारतला ऐकू आलं नाही. गोजराबाई टप बडवू लागल्या, एक नाही, दोन नाही, दहा-वीस थापा, आणि त्याचा अर्थ काय धरायचा हे भारतला क्षणभर कळेना. ठमाबाई अंगणातून आडव्या धावत आल्या तेव्हा त्याने ब्रेक दाबला.

झेंडूची पोती रस्त्यावर फेकून सुवर्णाला नेलं. तेव्हा तिला केबिनमध्ये, तिघांच्या सीटवर आडवं निजवलं. खंडेरावांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मांडीचा विचार त्या दिवशी कोणाच्या मनाला शिवला नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दिवाळी होऊन गेल्यावर तिला घरी आणायचं होतं. दवाखान्याच्या दारात खंडेराव मुकाट्याने हौद्यात चढून बसले, टोपी सावरत. गोजराबाई त्यांच्याशेजारी. भारतने सुवर्णाला उचलून पुढे बसवलं. मखमलाबादच्या नाक्यावर मी थांबले तेव्हा भाजीवाल्या लंकाबाईंनी वर बघितलं. "खंडेराव, तुम्ही मागं का हो?"

"सून पुढं बसलीया," खंडेराव म्हणाले.

"बरं केलं," लंकाबाई म्हणाल्या आणि गवारीला पाणी मारू लागल्या.

संपलं. एवढंच. लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, म्हणून एवढी वर्षं घर घाबरत होतं, ते लोक हेच म्हणाले. घर येईपर्यंत मागे गोजराबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. खंडेराव त्यांना म्हणाले, "मला चाललं असतं गं." त्या म्हणाल्या, "मलाबी." एवढ्या वर्षांत हे दोघे पहिल्यांदाच त्याबद्दल बोलले.

त्यानंतर भारतने मला धुणं सोडलं. माझ्या मागच्या डाव्या चाकाकडे तो बघत नसे. वर्ष-दोन वर्षं मी माल वाहिला. कधी सुरू व्हायची, कधी नाही. शेवटी मला मोडीत देऊन नवी गाडी घ्यायचं ठरलं. माझ्यातूनच सगळे दुकानात आले. तिथे पुन्हा तशाच दोन गाड्या उभ्या होत्या, एक सिंगल केबिन, एक डबल. या वेळी सुवर्णाला सोबत आणलं होतं. कुबड्यांवर रेलून ती उभी होती. या वेळी खंडेरावांनी हौदा मोजला नाही. ते सुनेजवळ आले.

"पोरी, तू सांग. कोणची घ्यायची?"

सुवर्णाने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"कोणचीबी घ्या मामा. मला आता कुठं मळ्यात जायचंय?"

खंडेरावांनी डबल केबिन घेतली. मी वखारीत आले. त्यानंतर ती नवी गाडी एकदा या रस्त्याने गेली. मागच्या सीटवर, छपराखाली, काचा लावून, टोमॅटोचे क्रेट रचलेले होते.

मित्रांनो, मला तेलपाणी घाला, चाकं तपासा, असं आता मी काय सांगणार? उद्या तुमच्या घरी गाडी आली, तर एवढंच करा. कोण कुठे बसणार, हे ज्याला बसायचं आहे त्याला तोंडाने विचारा. आणि पाय शाबूत असताना विचारा.